हँड रोल अर्ध्यात अडतो? बोट नेमकी कुठे अडते ते आधी पाहा

रोल म्हणजे उलटलेल्या कयाकमधून, त्या छोट्या निमुळत्या बोटीतून, बाहेर न पडता तिच्यासकट परत सरळ होणं. पॅडल, म्हणजे वल्हं, हातात असलं की रोल बसतो. पॅडल सोडून नुसत्या हातांनी उठायला, म्हणजे हँड रोल करायला, गेलं की कयाक अर्धी वर येते, क्षणभर घुटमळते आणि परत पालथी होते. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर सराव करणाऱ्या पोरांची ही नेहमीची तक्रार. त्यावर काठावरून मिळणारा सल्लाही ठरलेला: "हात जोरानं मार!" मग पोरगं हात जोरात मारतं, खांदा दुखवून घेतं आणि बोट जिथे अडत होती तिथेच अडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हात कमजोर आहे, हे खरंच आहे. पॅडलचं पातं साधारण ६०० ते ७०० चौरस सेंटिमीटरचं असतं. तळहात बोटांसकट धरला तरी त्याच्या चौथाईच्या आसपास भरतो. शिवाय पातं अंगापासून लांब असतं, त्यामुळे तरफेचा फायदा मिळतो. हाताला तोही कमी. हाताचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो, म्हणून झटका उपयोगी पडतो, पण तो क्षणभरच. तेवढ्या क्षणात बोट सरळ करायचं काम कंबर आणि गुडघ्याला करावं लागतं. पॅडलच्या रोलमध्ये कंबर आळशी असली, डोकं लवकर उचललं, तरी पातं सांभाळून घेतं. हात सांभाळून घेत नाही. हँड रोल फसतो तेव्हा बहुतेक वेळा जुन्याच रोलमधली झाकलेली चूक उघडी पडलेली असते.

म्हणून "होत नाही" एवढ्यावर थांबू नका. बोट अजिबात हलत नाही, अर्ध्यात अडते, की जवळजवळ उठून परत जाते? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. काठावर मोबाइल धरून कुणाला तरी व्हिडिओ काढायला लावा, समोरून, म्हणजे बोटीचं टोक काढणाऱ्याकडे असेल असा. बाजूने काढलेल्या व्हिडिओत शिंतोड्यांशिवाय काही दिसत नाही.

पाण्यात उतरण्याआधी बोट बघा

पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याने मिळते ती वर बसायची, उघडी प्लॅस्टिकची किंवा हवेची कयाक असेल तर पुढचं सगळं वाचून फायदा नाही. त्या बोटीत मांड्यांना धरायला काही नसतं. उलटली की तुम्ही एकीकडे आणि ती एकीकडे. मांडीचे पट्टे लावून अशा बोटींचाही रोल करणारे आहेत, पण शिकायची ती बोट नव्हे. कॉकपिट (आत बसायची खोबण) असलेली, स्प्रे स्कर्ट (कंबरेभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं झाकण) बसणारी, मांडीला ब्रेस (मांडी अडकवायचा आधार) असलेली बोट लागते.

आता तिच्यात बसून बघा. जमिनीवर बसून कंबर डावी-उजवी हलवली तर बोट लगेच हलली पाहिजे. तुम्ही आधी आत सरकता आणि मग बोट हलते, असं होत असेल तर कंबरेचा अर्धा झटका त्या फटीतच वाया जातोय. जुनी योगा मॅट कापून तिचे तुकडे दोन्ही बाजूंना चिकटवले की काम भागतं. चपला चिकटवायचं सोल्यूशन चालतं, मात्र दोन्ही बाजूंना लावून सुकू द्या आणि मगच दाबा. पायाचे पेग, म्हणजे पाय टेकवायचे आधार, असे ठेवा की गुडघे किंचित वाकून मांडीच्या ब्रेसखाली आपसूक टेकतील. पाय लांब पसरलेले असतील तर गुडघा ब्रेसपर्यंत पोचतच नाही, आणि गुडघा पोचला नाही तर हँड रोल विसरा.

बॅकबँडकडे, म्हणजे पाठीमागच्या पट्ट्याकडे, फार कुणी पाहत नाही. तो पाठीच्या मध्यापर्यंत उंच असेल तर शेवटी मागे झोपता येत नाही. खाली घ्या, जवळजवळ कंबरपट्ट्याच्या रेषेत. लाइफ जॅकेटच्या पाठीला जाड फोम असेल तर तोही आडवा येतो. म्हणून जॅकेट काढून ठेवायचं नाही. पाठीचा फोम वर, खांद्यांकडे असलेलं जॅकेट शोधायचं. पुढचा फोम उलट मदतच करतो, अंग पाण्याच्या पृष्ठभागाजवळ धरून ठेवतो.

बोट घट्ट केली की एक काम लगेच करा: कंबरभर पाण्यात उलटून, स्कर्टचा लूप ओढून बाहेर पडून दाखवा. लूप स्कर्टच्या आत तर गेला नाही ना, हे दर वेळी हाताने चाचपायचं. घट्ट बोटीतून बाहेर पडता आलं नाही तर रोल येण्या-न येण्याला काही अर्थ राहत नाही.

तेलाचा कॅन

आमच्याकडे स्विमिंग पूल नाही. स्विमिंग पूलच्या काठाला धरून कंबरेचा झटका शिकायचा, ही शहरातली सोय झाली. तलावाच्या काठी त्याच्या जागी कंबरभर पाण्यात उभा राहणारा एक माणूस आणि गोडेतेलाचा रिकामा ५ लिटरचा कॅन पुरतो. या कॅनवर माझा फार जीव आहे, कारण तो आधार देतो आणि मोजमापही करतो.

हिशेब साधा आहे. बूच घट्ट लावलेला रिकामा ५ लिटरचा कॅन पूर्ण पाण्याखाली दाबायला साधारण ५ किलोचा जोर लागतो. अर्धाच बुडाला तर तुम्ही अडीच किलोच्या आसपास भार टाकलात. कॅन दोन्ही हातांनी धरून, अंग बोटीच्या बाजूला पाण्यावर पसरून, सावकाश बोट सरळ करा. झटका नको, हळूच. उभ्या माणसाने कॅनकडेच बघायचं: पूर्ण गेला, अर्धा गेला, की वरच तरंगतोय. हे कळलं की कुणी "छान चाललंय" म्हणायची गरज उरत नाही.

कॅन पूर्ण बुडूनही बोट सरळ होत नसेल तर तुम्ही हातांवर चढायला बघताय. कंबर काम करत नाही. अर्ध्याच्या वर बुडू न देता बोट सरळ होऊ लागली की २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, मग १ लिटरची. १ लिटरच्या बाटलीवर उठता आलं म्हणजे तुम्हाला एका किलोचाच आधार लागतोय, आणि तेवढा जोर झटक्यात मारलेला हात नक्की देतो. बाटलीनंतर रबरी स्लीपर. ती फारशी तरंगत नाही, पण तळहाताचं क्षेत्रफळ वाढवते. टेबल टेनिसची बॅट हेच काम जास्त चांगलं करते. ग्रीनलँडचे शिकारी भाला फेकायच्या लाकडी पट्टीने, नोर्साकने, असंच उठायचे. त्यांचं जॅकेट बोटीच्या तोंडाला आवळून बांधलेलं असायचं, पाणी बर्फासारखं. पॅडल हातातून गेलं म्हणून बाहेर पडून पोहत जाऊ, हा पर्यायच नव्हता. नुसत्या हाताने किंवा हातात दगड धरून उठायचे प्रकार तिथे आजही स्पर्धेत असतात. युरोपातल्यांना पॅडलने उठायलाही बराच वेळ लागला. एडी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने १९२७ मध्ये ते जमवलं आणि त्याच्या नावाचा रोल अजून शिकवला जातो.

कॅनबद्दल एक सावधगिरी: दाबलेला कॅन हातातून सुटला तर उसळून तोंडावर येतो. हात लांब ठेवा आणि हेल्मेट घाला.

बोट जागची हलत नाही

हे सगळ्यात सोपं. पालथे झाल्यावर तुम्ही बोटीच्या खाली सरळ लोंबकळत आहात आणि तिथूनच हात मारताय. खोल पाण्यात मारलेला हात बोटीला काही देत नाही. आधी अंग बाजूने पृष्ठभागाकडे न्यायचं: उजवीकडून वर येणार असाल तर डावी कूस आखडून छाती तलावाच्या तळाकडे करायची, दोन्ही हात एकत्र, बोटीला काटकोनात, पाण्याच्या वरपर्यंत. हाताच्या पाठीला वारा लागला म्हणजे हात जागेवर पोचले. वारा लागेपर्यंत काहीही करायचं नाही. हा थांबायचा दीड-दोन सेकंदांचा काळच नवशिक्याला झेपत नाही. जीव घाबरतो आणि तो घाईने हात मारतो.

पाण्यात श्वास सोडू नका. भरलेली फुप्फुसं तुम्हाला वर धरतात. बुडबुडे सोडत खाली राहिलात तर तोच आधार गमावता. नाकात पाणी जातं म्हणून हवा सोडावी लागत असेल तर नोज क्लिप लावा. ती लावण्यात कमीपणा काही नाही.

आणि डावीकडे पडून उजवीकडून वर या. पडतानाचा फेरा अंगाला पुढे नेतो. उजवीकडे पडून उजवीकडूनच उठणं जास्त अवघड आहे, ते नंतर.

अर्ध्यात येऊन परत जाते

दहातल्या आठांचं दुखणं हे. कारण जवळजवळ नेहमी डोकं असतं, पण "डोकं उचलू नको" एवढं सांगून ते सुटत नाही, कारण डोकं उचलल्याचं उचलणाऱ्याला कळतच नाही. आमच्या तलावावर जाळी टाकणारे एक ढिवर काका आहेत. कयाक हा प्रकार त्यांना पोरखेळ वाटतो. त्यांच्या डोंग्याला असली नाटकं लागत नाहीत. पण त्यांनी पाळीवर बसून बिडी ओढता ओढता पहिल्याच दिवशी दुखणं ओळखलं होतं: "डोस्का काहून उचलतेस बे आदी? डोस्का रावू दे ना पान्यात!"

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय पटेल. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. पाण्यात असताना त्याचा भार जवळजवळ शून्य. पाण्याबाहेर काढलं की पूर्ण. कॅनच्या हिशेबाने बघा: डोकं आधी बाहेर काढणं म्हणजे एका ५ लिटरच्या कॅनचा सगळा आधार एकट्या डोक्यावर खर्च करणं. हातात तेवढा आधार नाहीच.

दुसरं कारण त्याहून वाईट आहे. उजवीकडून वर येताना बोट सरळ करायचं काम उजव्या गुडघ्याचं. उजवा गुडघा वर खेचायचा, डावा सैल सोडायचा. आता खुर्चीवर बसून उजवीकडे झुका आणि डोकं डावीकडे उचलून बघा. डावी कूस आखडते, डावा ढुंगणाचा भाग आणि डावा गुडघा वर यायला बघतो. बोटीत हेच झालं तर डावा गुडघा बोटीला परत पालथं करायच्या दिशेने ओढतो. म्हणजे डोकं नुसता भार टाकत नाही, ते कंबरेला उलटं काम करायला लावतं. श्वासासाठी तोंड वर काढायची ओढ जितकी जास्त, तितकी बोट खाली.

उपाय जमिनीवरून सुरू करा. धान कापणीनंतर तणसाला तोटा नसतो. तणसाचा जाड थर करून त्यावर बोट ठेवा, आत बसा, उजवीकडे झुकून उजवा हात तणसावर टेकवा आणि नुसत्या गुडघ्याने बोट डावी-उजवी डुलवा. खांदे जागचे हलता कामा नयेत. डाव्या मांडीवर कुणाला तरी हात ठेवायला सांगा. ती मांडी कडक झाली की त्याने थापट मारायची. दोन्ही गुडघे एकदम आवळणारे फार असतात. त्यांना वाटतं आपण बोट घट्ट धरली. खरं तर त्यांनी ती कुलूपबंद केलेली असते.

पाण्यात गेल्यावर भांडी घासायचा स्पंज कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरा. उजवीकडून उठताना उजवा कान, उजवा खांदा. रोल संपेपर्यंत स्पंज तिथेच राहिला पाहिजे. तरंगत गेला तर डोकं उचललं. वाद घालायला जागा नाही. स्पंजला दोरा बांधून जॅकेटला अडकवा, नाहीतर दर वेळी शोधत बसाल.

नजरेचीही तपासणी करता येते. उठताना तुम्हाला काय दिसलं? आभाळ किंवा काठावरचा माणूस दिसला असेल तर मान वळलेली होती. ज्या हाताने पाणी दाबताय तो हात शेवटपर्यंत दिसला पाहिजे. पाऊस ओसरल्यावरही आमच्या तलावांचं पाणी गढूळच असतं, हातभराच्या पलीकडे काही दिसत नाही. म्हणून मनगटाला लाल फीत बांधा आणि पोहण्याचा चष्मा लावा. नजर फितीवर असली की मान आपोआप खाली राहते.

क्रम असा बसला पाहिजे: हात पाण्यावर दाबले जातात, त्याच क्षणी उजवा गुडघा वर, बोट जवळजवळ सपाट, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. बोट बरीच सरळ झाली आणि तुम्ही अजून पाण्यात आडवे पडलेले आहात, असा एक विचित्र क्षण येतो. तो आला म्हणजे गाडी रुळावर आली. मदतनिसाच्या हातावर बोटं टेकवून तोच क्षण पुन्हा पुन्हा पकडा. त्याने हात वर उचलायचा नाही, नुसता पाण्याच्या पातळीला धरायचा. मायेपोटी वर ओढणारा मदतनीस शिकणाऱ्याचं नुकसान करतो.

जवळजवळ उठते, मग परत

इथवर आलात तर कंबर आणि डोकं ठीक आहे. राहिला शेवट. हातांचं काम दोन टप्प्यांत असतं आणि बहुतेक जण दोन्ही हात शेवटपर्यंत पाण्यात दाबून ठेवतात. उजवीकडून उठताना दोन्ही हात एकत्र सुरुवात करतात; बोट फिरू लागली की उजवा दाबत राहतो आणि डावा बोटीवरून पलीकडे, डाव्या बाजूला, फेकायचा. माणसाचा एक हात खांद्यापासून धरला तर वजनाच्या साधारण ५ टक्के असतो. ७० किलोच्या माणसाचा साडेतीन किलो. तेवढं वजन उजवीकडच्या पाण्यातून उचलून डाव्या कडेबाहेर गेलं की तराजू फिरतो.

त्याच वेळी पाठ मागच्या डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठावर, टेकवायची. टेकवायची म्हणजे खरंच टेकवायची, डोक्याचा मागचा भाग डेकला लागेपर्यंत. अंग जितकं बोटीला चिकटलेलं तितकं कमी वजन उचलावं लागतं. उठून बसायची घाई नडते: बोट सरळ झाली, श्वास मिळाला, पोरगं आनंदाने ताठ बसतं आणि त्याच बाजूला परत कोलमडतं. मागे झोपलेलेच राहा, दोन्ही हात बाजूंना पसरा, बोट डुलायची थांबली की मग उठा.

कयाक पोलोच्या, म्हणजे कयाकमध्ये बसून खेळायच्या चेंडूच्या खेळाच्या, बोटीत हे सोपं जातं. ती जास्तीत जास्त ३ मीटरची असते, मागचं डेक खाली असतं. कयाक पोलोत चेंडू जवळ असलेल्या खेळाडूला खांद्याला हाताने ढकलून उलटवायची मुभाच आहे, त्यामुळे तिथे हँड रोल रोजच्या कामाचा. लांब सी कयाकमध्ये कॉकपिटची मागची कड उंच असेल तर पाठ टेकत नाही. अशा बोटीत कड आधी मोजा. कंबरेच्या वर येत असेल तर त्या बोटीत मागे झोपायचा हट्ट सोडा आणि पुढे वाकून संपवायचा प्रकार शिका. तो बऱ्याच जणांना अवघड जातो, पण तोंड आणि मान त्यात जास्त सुरक्षित राहतात. खडकाळ नदीत पाठ टेकवून चेहरा उघडा ठेवणं चांगलं नव्हेच.

बोट उठून पलीकडच्या बाजूला कलंडत असेल तर खुशाल आनंद माना. हात जास्त फेकला गेलाय, जोर थोडा कमी करा.

खांदा, जाळी आणि सोबत

"हात जोरानं मार" या सल्ल्यावर माझा राग आहे तो खांद्यामुळे. कोपर ताठ, हात खांद्याच्या रेषेच्या मागे गेलेला आणि त्यावर अंगाचा भार: खांदा निखळायची हीच पद्धत. कोपर किंचित वाकलेलं, हात कायम नजरेसमोर. लाल फितीचा हा दुसरा उपयोग. बोटं घट्ट मिटू नका, ताणूही नका. किंचित सैल राहू द्या.

तलावाची चौकशी तलावावर पोट भरणाऱ्यांकडे करा. माजी मालगुजारी तलावांवर बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्था असते आणि जाळी कुठे टाकली आहे हे त्यांनाच ठाऊक. पालथ्या बोटीत जाळ्यात हात अडकण्याइतकी वाईट गोष्ट नाही. पावसाळ्यात लावलेला शिंगाडा दिवाळीच्या पुढेमागे निघत असतो. तेव्हा त्या बाजूला जाऊच नका, त्यांचं पीक आहे आणि तुमच्या हाताला काटे. कमळाच्या देठांचाही तोच त्रास. मगरी असल्याचं गावकरी सांगत असतील तर त्या पाण्यात सराव नाही; ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत हे तर सगळ्यांना माहीत आहे. म्हशी डुंबतात तो काठ टाळा, अंगावर जखम असेल तर नक्कीच. जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

एकट्याने कधीही नाही. गिनो वॉटकिन्स हा इंग्रज ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांकडून रोल शिकून तरबेज झाला होता. १९३२ मध्ये तिथेच एकटा कयाकने शिकारीला गेला. त्याची कयाक सापडली, तो सापडला नाही. तुम्ही पालथे असताना बोटीच्या बुडावर तीनदा थाप मारून दोन्ही हात बाजूंना पाण्याबाहेर काढले की सोबतच्या बोटीने आपलं टोक तुमच्या हाताशी आणायचं, ही खूण आधीच ठरवा. ते टोक धरून उठणं हा हँड रोलचा चांगला सरावही आहे, फक्त त्याला लोंबकळू नका.

पहिले दोन-तीन होतात, मग एकही नाही

थकवा, हे अर्धं कारण. थकल्यावर गुडघा आधी सुटतो आणि मान लगेच त्याची जागा घेते. उरलेलं अर्धं बोटीत साचतं. स्कर्ट थोडा थोडा गळतो आणि प्रत्येक उलटण्यात पाणी आत येतं. २० लिटर साचलं म्हणजे २० किलो, आणि ते नेमकं खालच्या बाजूला धावतं. दर दोन-तीन प्रयत्नांनंतर काठाला येऊन बोट रिकामी करा. मागच्या भागात एअर बॅग भरून ठेवली तर आत पाण्याला जागाच कमी उरते; ती नसेल तर हवा भरलेली गाडीची ट्यूबही चालते, मात्र पायांकडे येणार नाही अशी बांधा.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे पाणी चांगलंच गार असतं. गार पाण्यात श्वास तुटतो आणि थांबायचे ते दोन सेकंद थांबवत नाहीत. ऊन चढल्यावर उतरा. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा. मेमध्ये काठ चिखलात जातो आणि ऊन डोक्यावर बसतं. चक्कर येऊ लागली, कान दडपला, तर त्या दिवसाचं काम संपलं.

एकाच बाजूने होतो

होऊ द्या. एक बाजू पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका, नाहीतर दोन्ही कच्च्या राहतात. दुसरी बाजू सुरू कराल तेव्हा मात्र जिथे अडेल तिथून नाही, अगदी पहिल्यापासून: तणस, स्पंज, ५ लिटरचा कॅन. पहिली बाजू येत असल्यामुळे थेट हातांनी करायचा मोह होतो आणि मान पुन्हा वर येते. लाल फीत दुसऱ्या मनगटाला बांधायला विसरू नका. नजर जुन्या हाताकडे जाते.